तिसऱ्या मजल्यावरचा प्रमाण तारा

माझ्या यादीत एकोणनव्वद तारे होते आणि त्यांतला एकही मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी विनय दाखवते आहे. विनय माझ्यात कधीच नव्हता. ते तारे दिसण्यासारखे नव्हतेच, एवढाच त्याचा अर्थ. फार थंड, फार मंद, आणि त्यांचा जो काही उजेड तो तांबड्याच्याही पलीकडचा, अवरक्त. चुलीवरून उतरवून ठेवलेला तवा काळाच दिसतो, पण हात जवळ नेला की धग लागते, तशातला प्रकार. त्या धगीचे आकडे माझ्या गाइडनी दूरच्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीतून आणले, नांदेडला दोन फ्लॉप्यांमध्ये भरून माझ्या हाती दिले, आणि मी लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर, भर दुपारी, पंख्याखाली बसून त्यांची वर्गवारी करत होते. आकाशाकडे बघायची गरज कधी पडली नाही.

लातूरच का, तर गाइडच्या विभागात कॉम्प्युटर एक होता आणि तो विभागप्रमुखांच्या खोलीत कव्हर घालून ठेवलेला असे. त्याला धूळ लागू नये म्हणून कुणी हातच लावायचा नाही असा नियम होता. क्लासमध्ये मात्र रविवारच्या परीक्षांचे निकाल काढायला दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर होता. मी सकाळी बारावीला फिजिक्स शिकवायचं आणि दुपारी एक ते चार माझे तारे घेऊन बसायचं, असं ठरलं. मी मूळची उमरीची. घरी विचारत, काय करतेस? मी म्हणे, ताऱ्यांचं गणित. मग आई विषय बदलत असे.

भूकंपाला तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती. लातुरात क्लासांचं नुसतं पीक आलं होतं, जिथं पाहावं तिथं मेडिकलला लागलेल्या पोरांचे फोटो. पण स्लॅबखाली निर्धास्त बसणारा माणूस शहरात उरला नव्हता. पत्र्याच्या शेडमध्ये लोक आनंदानं भाजून निघत, तिसऱ्या मजल्यावर मात्र कुणी यायला तयार नसे, म्हणून तो मजला आमच्या क्लासला मिळाला. मला हसायचा अधिकार नाही. त्या पहाटे मी लातूरलाच होस्टेलवर होते. जिना उतरताना पायात येईल ती चप्पल घालून पळाले. चप्पल समोरच्या खोलीतल्या मुलीची होती. ती सकाळी मिळेल त्या गाडीनं अनवाणीच आपल्या गावाकडे गेली आणि परत आली नाही. तिची चप्पल मी दोन महिने वापरली. तिचं नाव मला माहीत नव्हतं आणि नंतर कुणाला विचारायचं धाडस झालं नाही.

आमच्या क्लासच्या डायरेक्टर सरांच्या टेबलावर एक स्टीलचा उंच ग्लास उलटा ठेवलेला असे, आणि त्याच्या बुडावर दुसरा ग्लास उलटा. वरचा पडला की भूकंप. मग मामा, म्हणजे आमचे शिपाई, घंटा बडवत आणि सगळ्यांनी खाली पळायचं. ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला तरी तो ग्लास पडे. माझा प्रकाशाचा धडा चालू असताना आम्ही तीन वेळा रस्त्यावर गेलो आणि अपवर्तनाचा अर्धा भाग मी रसवंतीसमोर उभ्यानं शिकवला.

माझं काम सांगायला सोपं आहे. एकच तारा तीन वेगवेगळ्या फिल्टरांतून पाहायचा. पहिल्यातून किती उजेड आला, दुसऱ्यातून किती, तिसऱ्यातून किती, आणि मग वजाबाकी. नुसत्या उजेडावर भरवसा ठेवता येत नाही, कारण जवळचा मंद तारा आणि लांबचा प्रखर तारा सारखेच दिसतात. वजाबाकी सांगते की हा किती थंड आहे. थंड, आणखी थंड, आणि त्याच्याही खाली गेलं की तपकिरी बटू. तपकिरी बटू म्हणजे तारा व्हायला निघालेला पण वस्तुमान कमी पडल्यामुळे कधी पेटलाच नाही असा गोळा. कितीही वाट बघा, तो पेटणार नाही. असे गोळे जगाला तेव्हा नुकतेच सापडू लागले होते, त्यांच्यासाठी वर्गवारीला नवी अक्षरं जोडली जात होती, आणि माझ्या यादीतला एकसष्ट नंबर बटू निघेल अशी चिन्हं होती. माझी सगळी पीएच.डी. त्या एकसष्टवर उभी होती. बाकीचे अठ्ठ्याऐंशी नुसते हजेरीला होते.

एका दुपारी डायरेक्टर सर बडीशेप चघळत मागं येऊन उभे राहिले. स्क्रीनवर माझा आलेख होता, ठिपक्यांचा.

"कोणत्या ब्याचचे मार्क हायत मॅडम?"

"तारे आहेत सर."

"आन हे खाली कोपऱ्यात एकटं कोण?"

"एकसष्ट नंबर. तो बहुतेक कधीच पेटणार नाही."

सर खुर्ची ओढून बसले. "कधीच पेटणार न्हाई, हे आत्ताच कळतंय?"

त्या माणसाला आयुष्यभर हीच एक विद्या हवी होती. सप्टेंबरातच कळायला पाहिजे की कोणतं पोरगं पेटणार नाही, म्हणजे फॉर्म भरायच्या आधी त्याला घरी धाडता येईल आणि निकालाच्या टक्क्यांना धक्का लागणार नाही. हे मला तेव्हाही कळलं होतं. पण माझ्या कामाबद्दल कुणी एका मिनिटाच्या वर विचारत बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मी फुगले. दीड तास बोलले. फिल्टर सांगितले, वजाबाकी सांगितली, बटू सांगितला. सरांनी वहीत उतरवून घेतलं. माझ्या वर्गात कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलेलं नव्हतं.

पुढच्याच रविवारपासून क्लासला शास्त्र लागू झालं. फिजिक्स हा पहिला फिल्टर, केमिस्ट्री दुसरा, बायोलॉजी तिसरा. पहिल्यातून दुसरा वजा, दुसऱ्यातून तिसरा वजा. निकाल लागला तेव्हा लातूरजवळच्या मुरुडचा एक मुलगा, ज्याला तिन्ही विषयांत ब्याण्णव होते, आणि हदगावचा एक मुलगा, ज्याला तिन्ही विषयांत नऊ होते, दोघं एकाच वर्गात पहिले आले. दोघांचीही वजाबाकी शून्य. हदगावला अभिनंदनाचं पत्र गेलंसुद्धा. त्या मुलाचे वडील कापसाची वेचणी सोडून पेढे घेऊन आले आणि आम्ही ते खाल्ले, कारण काय सांगायचं ते कुणालाच सुचेना.

"असं कसं झालं मॅडम? शास्त्र हाय ना?" सरांनी मला विचारलं.

मी म्हटलं, शास्त्र पूर्ण घ्यायला हवं. वजाबाकी नुसता रंग सांगते. उजेडही मोजावा लागतो, आणि उजेड मोजायला प्रमाण तारा लागतो. हवा रोज बदलते, कधी धूळ, कधी दमटपणा. म्हणून एक असा तारा निवडायचा की ज्याचा उजेड बदलत नाही, आणि त्याच्या तुलनेत बाकीचे मोजायचे. तो कमी दिसला तर समजायचं हवा खराब आहे, तो जास्त दिसला तर हवा स्वच्छ आहे.

"म्हंजे पेपर अवघड गेला का सोपा, हे त्या एका पोरावरनं कळणार," सर म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, खरंच.

असा मुरुडचा मुलगा आमचा प्रमाण झाला. दर रविवारी त्याच्यापेक्षा कोण किती मागं आहे ते काढायचं. ठरलेल्या रेघेच्या खाली सलग तीन रविवार जो गेला तो बटू, आणि त्याच्या घरी पत्र, पोराला घेऊन जा म्हणून. ती रेघ मी ओढली. निळ्या पेनानं, फूटपट्टी धरून. कुणी माझा हात धरला नव्हता.

प्रमाण बदलता कामा नये, असं मी बोलून गेले होते. डायरेक्टर सरांनी ते फार मनावर घेतलं. त्या मुलाला रोज एकाच बाकावर, एकाच खिडकीपाशी बसवत. त्याला रोज दोनच भाकरी आणि एक पेला दूध. दर सोमवारी खालच्या किराणा दुकानातल्या वजनकाट्यावर त्याचं वजन होई. दिवाळीला त्याला घरी सोडलं नाही, कारण घरी गेल्यावर माणूस बदलतो. आणि त्याला रोज मोजून चार तास अभ्यास करायची परवानगी होती. कमी करायचा नाही, पण जास्त तर अजिबात करायचा नाही. चार तास झाले की मामा त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेत. त्याचे वडील मुरुडला बियाण्याच्या दुकानात होते. ते येऊन सगळ्यांना सांगत, "आपलं पोरगं स्टँडर्ड हाय. त्याच्यावरनं समद्या लातूरचं माप काढत्यात." मध्ये त्याची उंची अर्धा इंच वाढली तेव्हा सर मला विचारायला आले की याला काय करायचं. मी म्हटलं, उंचीला हरकत नाही. इतक्या गंभीरपणे म्हटलं की आज मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

वर्गवारी मग सगळीकडे पसरली. पहिल्या वर्गातली पोरं जिन्याजवळ बसत, शेवटच्या वर्गातली पार भिंतीकडे. ग्लास पडला तर आधी पहिला वर्ग उतरणार, मग दुसरा, आणि रेघेखालची मुलं सर्वांत शेवटी. पालकांनी याला हरकत घेतली नाही. आपला मुलगा जिन्याच्या किती जवळ आहे ते मोजायला मात्र ते दर आठवड्याला येत.

रविवारमागून रविवार गेले. प्रमाणाला ब्याण्णव असत. मग चौऱ्याण्णव आले. पेपर सोपा होता, आम्ही म्हणालो. मग शहाण्णव आले. पेपर आणखी सोपा होता. आणि इतक्या सोप्या पेपरात इतरांना आधीइतकेच मार्क, म्हणजे इतर सगळे घसरत चाललेत, हे उघड होतं. दिवाळीनंतर बटूंची संख्या इतकी वाढली की सरांनाही थोडी काळजी वाटली.

"लई बटू झालेत मॅडम."

"विश्वातही तसंच असेल सर," मी म्हणाले. "न पेटलेलेच जास्त असतील." हे वाक्य मला फार आवडलं होतं. प्रबंधाच्या प्रस्तावनेत टाकायला मी ते वेगळं लिहूनही ठेवलं होतं.

सत्तेचाळीस नंबरची मुलगी नांदेडची होती. मला तिचे आकडे पाठ होते. एकाहत्तर, सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. इतकी स्थिर ओळ दोनशे पोरांत दुसरी नव्हती, आणि तीच ओळ दर रविवारी माझ्या रेघेच्या जवळ सरकत होती. मग रेघेखाली गेली. एक रविवार, दोन रविवार. दुसऱ्या रविवारनंतर तिचे वडील आले.

ते नांदेडला घड्याळं दुरुस्त करत. जुन्या वस्तीत आजोबांपासूनचं दुकान. अंगानं बारीक, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, आणि बोलताना एक डोळा सवयीनं बारीक होई. त्यांनी मला सांगितलं की घरात अकरावीच्या पुढं गेलेली ही पहिलीच. इथून पाठवली तर आता अर्ध्या वर्षात तिला दुसरा कोणताच क्लास घेणार नाही, दोन ठिकाणी ते विचारून आले होते. लहानपणापासून तिला एकच ध्यास, डॉक्टर व्हायचं. दुकानात बसून ती बंद पडलेल्या घड्याळांना तपासायची आणि कागदावर औषधं लिहून द्यायची.

मी त्यांना आलेख दाखवला. ही रेघ, हा प्रमाण, ही तुमची मुलगी. त्यांनी प्रमाणाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"म्याडम, नाराज होऊ नका. एक विचारून राहिलो. माझ्या दुकानात चाळीस घड्याळं हायेत. समदी मी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळावरून लावतो. पण ते मोठं घड्याळ मी रोज रेडिओवरून लावतो. तुमचं हे मोठं घड्याळ तुम्ही कशावरून लावता?"

मला राग आला. मला तेव्हा सगळ्याचाच राग यायचा, आणि उत्तर नसलं की जास्त यायचा. मी म्हटलं, प्रमाणाला तपासायचं नसतं. प्रमाणावरून तपासायचं असतं. ते "बरं" म्हणाले, निरोपाला हात कपाळापर्यंत नेला आणि जिना उतरून गेले.

गेले, पण प्रश्न टेबलावर ठेवून गेले. आणि मी काय केलं? मी माझा तारा तपासायला घेतला. मुलगा नव्हे, तारा. तारखांप्रमाणे सगळे प्रिंट काढले आणि माझा प्रमाण तारा त्याच्याच शेजारच्या दोन सामान्य ताऱ्यांशी ताडून पाहिला. हे दोन वर्षांत मी कधी केलं नव्हतं, कारण प्रमाणाकडे कोण संशयानं बघतं? पहिल्या फिल्टरमध्ये तो हळूहळू वाढत होता. शेजारचे दोघं जागच्या जागी होते, हा वाढत होता. तो वाढत गेला म्हणून माझा एकसष्ट त्याच फिल्टरमध्ये मंद दिसत गेला, मंद दिसला की वजाबाकी वाढे, आणि वजाबाकी वाढली म्हणून मी त्याला थंड ठरवत गेले. हिशोब नव्यानं केला. एकसष्ट बटू नव्हताच. लहानसा, तांबडा, साधा तारा होता. पेटलेला. माझ्या आजोबांच्याही आधीपासून, मनुष्यजातीच्याही आधीपासून, कुणाच्या परवानगीवाचून निवांत जळत होता.

एसटीडी बूथवरून गाइडना फोन केला. ते म्हणाले, "साधा तारा? अगदीच साधा? मग काय बाई, आकड्यांचं नुसतं टेबल छापू." मी खोलीवर जाऊन आडवी झाले. दोन दिवस डोकं दुखतंय असं सांगून क्लासला गेले नाही. जेवले नाही. एका ताऱ्याचं सुतक पाळलं म्हणा. इतकं वाईट मला त्याच्या आधी क्वचितच वाटलं असेल, आणि त्या दोन दिवसांत रविवार आला आणि गेला हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

सोमवारी दुपारी क्लासला गेले तर मामा पाकिटांना खळ लावत बसले होते.

"तीस पोरं चालली मॅडम घरी. त्या सत्तेचाळीसचा कागद तर बापानं सोताच नेला हातानं. पोरीला घेऊन गेला आत्ता, दोनची गाडी धरायला."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. मी रजिस्टर ओढलं आणि ताऱ्याला जे केलं तेच केलं. प्रमाण मुलगा त्याच्या शेजारच्या दहा मुलांशी ताडला. शेजारचे दहा जागच्या जागी होते. हा वाढत होता. पेपर कधीच सोपे झाले नव्हते. मुलं कधीच घसरली नव्हती.

मी त्याला खिडकीपाशी गाठलं. "किती वाचतोस?"

त्याला रडूच फुटलं. "चारच तास मॅडम."

"खरं सांग."

"बादलीत कपड्याखाली पुस्तक घालून न्हाणीघरात नेतो. रोज पहाटं. लई न्हाई, थोडंच." मग नाक पुसत म्हणाला, "मला बी डॉक्टर व्हायचंय मॅडम. नुसतं प्रमाण ऱ्हाऊन मी काय करू?"

मी त्याला घेऊन डायरेक्टर सरांकडे गेले. सगळं सांगितलं. प्रमाण बदललंय, रेघ चुकलीय, चूक माझी आहे, पत्रं थांबवा. सरांनी शांतपणे ऐकलं आणि मग त्या मुलाकडे असं पाहिलं की जणू त्याच्या खिशात गांजा सापडलाय.

"क्लासमंदी ऱ्हाऊन अभ्यास करतोस? चोरून?"

"सर, मुद्दा तो नाही."

"त्योच हाय. बापाला बोलवा ह्याच्या. आजपासनं बादली तपासायची मामा, रोज." मग माझ्याकडे वळले. "पत्रं थांबणार न्हाईत मॅडम. भायेर बोर्ड रंगवून झालाय, खगोलशास्त्रीय पद्धत म्हणून. प्रमाण चुकलं असं मी सांगू व्हय लोकांना? त्यापरीस तीस पोरं चुकली म्हणणं सोपं हाय."

मी खूप बोलले असते. बोलायची मला कधीच चोरी नव्हती. पण घड्याळात दीड वाजून गेला होता आणि माझ्यासमोर, सरांच्या टेबलावर, ते दोन ग्लास उलटे उभे होते. मी हात लांब केला आणि वरचा ग्लास बोटानं ढकलला.

तो खाली पडून फरशीवर खणखणत गेला. सरांनी मला ढकलताना पाहिलं होतं. पूर्णपणे पाहिलं होतं, माझ्याच हाताकडे ते बघत होते. तरीही ते उठले आणि पळाले. सहा-सात वर्षांत त्यांच्या पायांना जी सवय लागली होती तिला डोळ्यांचं ऐकायला वेळ नव्हता. मामांनी घंटा बडवायला घेतली. पहिला वर्ग उतरला, दुसरा उतरला, अगदी शिस्तीत. प्रमाण मुलगा तेवढा माझ्या शेजारी उभा राहिला, कारण प्रमाण झाल्यापासून आपण कितव्या वर्गात हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मामांच्या जागेवरची एकोणतीस पाकिटं उचलून पर्समध्ये कोंबली, त्याचा हात धरला आणि आम्ही दोघं सर्वांत शेवटी उतरलो. खाली रसवंतीसमोर दोनशे पोरं आभाळाकडे बघत उभी होती. मुलाला त्यांच्यात सोडून मी रिक्षा केली.

बसस्टँडवर नांदेडची गाडी लागलेली होती. अहमदपूर, लोहा, नांदेड. बाहेर मुलींची ही झुंबड, कुठल्या तरी कॉलेजला सुट्टी लागली होती. दोन वेण्या, पांढऱ्या ओढण्या, पाठीवर दप्तरं. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत फिरले आणि मला कळेना की यांतली ती कोण. तिची प्रत्येक रविवारची आकडेवारी मला तोंडपाठ होती. तिन्ही फिल्टरांतली वजाबाकी विचारली असती तर झोपेतही सांगितली असती. चेहरा माझ्याजवळ नव्हता. जून महिन्यापासून ती रोज माझ्यासमोर बसत होती. वडीलही गर्दीत दिसेनात. कंडक्टरनं दार ओढलं. मग मी फलाटावर उभी राहून ओरडले,

"सत्तेचाळीस!"

लोक वळून बघायला लागले. गाडीच्या मधल्या खिडकीतून एक हात वर आला. "येस मॅडम," ती म्हणाली, हजेरीला म्हणतात तशी.

लाज कशी असते ते मला त्या क्षणी समजलं. बापलेक खाली उतरले. बापाच्या हातात पत्र्याची पेटी, लेकीच्या हातात पुस्तकांची पिशवी. मी एका दमात सगळं सांगितलं. मोठं घड्याळ पुढं चाललं होतं, मी ते बघितलं नाही, तुमची मुलगी जिथं होती तिथंच आहे, चूक माझी आहे, तिला परत द्या, सरांचं मी बघते.

"मला माहीत व्हतं मॅडम," मुलगी म्हणाली. "मी दर रविवारी तेवढंच सोडवत व्हते."

वडील एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघत होते. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"देतो," ते म्हणाले. "तुम्ही पळत आल्या, मी बघून राहिलो. आता फक्त तिचं नाव सांगा म्याडम. नंबर नको. नाव सांगा, की पाठवतो."

डोक्यावर दुपारचं ऊन होतं. मला तिच्या आधी समोरच्या खोलीतली ती मुलगी आठवली, चप्पलवाली. तिचंही नाव मला सांगता आलं नसतं.

वडिलांच्या पाठीमागं ती उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओढणीची कड बाजूला केली, आणि आवाज न करता, ओठ सावकाश हलवत, तीन अक्षरं सांगितली. मला पहिल्यांदा वाचता आली नाहीत. तिनं पुन्हा सांगितली. वर्गात कुणी असं करताना दिसलं की मी पेपर काढून घेत असे, त्यासाठी मी सबंध क्लासमध्ये कुप्रसिद्ध होते. मी ती तीन अक्षरं तिच्या ओठांवरून जशीच्या तशी उतरवली आणि मोठ्यानं म्हटली.

वडिलांनी मागं वळून पाहिलं नाही. "बरोबर," ते म्हणाले. "कॉपी करून पास झाल्या, पण झाल्या." आणि पेटी माझ्या हातात दिली. ती चांगलीच जड होती.